लहान पोटाचा संसार



गेल्या महिन्यात एका कार्यकर्त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या मांडवात आम्ही बशीत दोन डाव मटकीची उसळ, पनीरचे चार तुकडे आणि थोडी काकडी घेतली व खुर्ची ओढून बसलो. शेजारचे पाहुणे म्हणाले, "काय साहेब, एवढंच? तब्येत बरी नाही का?" त्यांच्या पलीकडच्या गृहस्थांनी त्यांच्या कानाशी लागून, पण आम्हाला ऐकू येईल अशा बेताने खुलासा केला, "अहो, त्यांनी पोट कापून घेतलंय. आता त्यांना काही बघायला नको. काही खाल्लं तरी वजन वाढत नाही."

दोघेही भले गृहस्थ, पण दोघांचेही म्हणणे चूक. आम्ही आजारी नाही. आणि पोट कापले म्हणजे प्रश्न मिटला, असे तर मुळीच नाही. ही दुसरी चूक एकट्या त्या गृहस्थांची नव्हे. ती आम्ही स्वतः दीड वर्ष केली आणि तिची किंमतही मोजली.

हा विषय या सदरात घ्यावा की नाही, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. स्वतःच्या पोटाची गोष्ट चारचौघांत काय सांगायची, असे वाटे. परंतु गेल्या काही महिन्यांत आपल्याच वस्तीतल्या तीन घरांतून आमच्याकडे विचारणा झाली. एका भगिनीचे ऑपरेशन होऊन पाच महिने झालेले. केस मूठमूठ गळताहेत, जेवण जात नाही आणि घरात सासूबाई म्हणतात, पैसे घालून दुखणे विकत आणले. ती भगिनी आमच्या दारात बसून रडली. तेव्हा ठरविले, की लाज बाजूला ठेवून लिहायचे.

ऑपरेशनात होते काय?

आमचे वजन १३२ किलो होते. उंची पाच फूट सहा इंच. दिवसभर कचेरीत खुर्ची, संध्याकाळी सभा-बैठका, रात्री अकराला जेवण. मधुमेह जडला, गुडघे बोलू लागले. रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा आणि पत्नी जागी राहून आम्हाला हलवायची. २०२१ च्या डिसेंबरात ऑपरेशन झाले. काही पैसे कार्यालयाकडून मिळाले, बाकीचे पतपेढीचे कर्ज. त्याचे हप्ते अजून पगारातून जातात.

ही शस्त्रक्रिया काही काल-परवाची नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात बायपास पद्धतीची सुरुवात केली. या पद्धतीत जठराची अगदी लहान पिशवी वेगळी करतात आणि ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे अन्न कमी मावते आणि आतड्याचा काही भाग टाळून पुढे जाते. दुसरी पद्धत स्लीव्ह. तीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी मागे ठेवतात. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः या काढलेल्या भागात तयार होते. म्हणून सुरुवातीला भूक जवळजवळ नाहीशी होते. आमचे ऑपरेशन या दुसऱ्या प्रकारचे.

पहिले दिवस पातळ पदार्थांचे. आधी डाळीचे वरचे पाणी, गाळलेले सूप. मग ताक, दूध. मग मिक्सरमधून काढलेले वरण. मग मऊ खिचडी, उकडलेले अंडे. साधारण दोन महिन्यांत आम्ही नेहमीच्या अन्नावर आलो. वजन धडाधड उतरत होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आमचेही केस गळाले. एवढ्या झपाट्याने वजन उतरले की असे होते आणि पोटात प्रथिने नीट जात असतील तर पुढे केस परत येतात, हे त्या वेळी आम्हाला कोणी समजावून सांगितले असते तर बरे झाले असते. आमच्या दारात रडलेल्या भगिनीला आम्ही पहिली गोष्ट हीच सांगितली, आणि दुसरी ही, की डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घे.

चौदा महिन्यांत आम्ही ८८ किलोवर आलो. मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. रात्रीचा श्वास मोकळा झाला. सभेत लोक ओळखेनात. आम्ही सत्कार स्वीकारीत हिंडत होतो आणि इकडे चोर घरात शिरत होता.

चोर चहाच्या कपात सापडला

वर्ष-सव्वा वर्षाने भूक हळूहळू परत येऊ लागली. हे बहुतेकांचे होते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या वर्षात, फार तर दीड-दोन वर्षांत, वजन सगळ्यात खाली जाते. मग थोडे परत चढते. पण आमचे थोडे नव्हे, चढतच गेले. ९१, ९४, ९६. पुढे आम्ही काट्यावर उभे राहायचेच सोडले. दवाखान्यात तपासणीची तारीख आली की कामाचे निमित्त निघे. कोणत्या तोंडाने जायचे? लोकांनी पैसे उभे करून दिले, पत्नीने रात्री जागून काढल्या, आणि आम्ही पुन्हा पहिल्या वाटेवर. २०२४ च्या मध्याला काटा ९९ वर आला.

विशेष म्हणजे जेवण वाढले नव्हते. दुपारी अर्धी भाकरी, रात्री वाटीभर भात, एवढेच. मग वजन येत होते कुठून? वाणिज्य शाखेचा पदवीधर माणूस, हिशेब लागत नाही म्हणजे काय! शेवटी आम्ही शंभर पानी वही आणली आणि आठ दिवस कीर्द लिहिली. तोंडात जाईल ते लिहायचे, किती वाजता गेले ते लिहायचे, खोटी नोंद करायची नाही.

आठव्या दिवशी खतावणी केली तेव्हा चोर सापडला. दिवसाला आठ कप चहा. कचेरीत चार, बैठकीत दोन, कोणाच्या घरी गेले की एक, घरचा एक. प्रत्येक कपात दोन चमचे साखर, म्हणजे सोळा चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ८० ग्रॅम साखर, ३२० कॅलरी. चहाबरोबर आठेक ग्लुकोज बिस्किटे. संध्याकाळच्या बैठकीत कागदावर ओतलेले फरसाण, गप्पांच्या नादात मूठ-दीड मूठ. दुधाचे तर आम्ही धरलेच नाही. तरीही एकूण सात-आठशे कॅलरींची बेरीज झाली. आमची तीन वेळची जेवणे मिळून हजार-अकराशेची! म्हणजे जेवणाच्या खात्याला काटकसर आणि किरकोळ खर्चात दिवाळे.

असे का होते, ते नंतर आहारतज्ज्ञ बाईंनी समजावले. लहान झालेले पोट घट्ट अन्नाने भरते आणि 'पुरे' म्हणते. उसळ, अंडे, मासळी यांचे चार घास गेले की ते थांबवते. पण पातळ आणि विरघळणारे पदार्थ त्या नळीतून सरळ खाली उतरतात. चहात बुडवलेले बिस्कीट, फरसाण, वेफर्स, आइस्क्रीम, सरबत यांना ते पोट अडवीत नाही. ऑपरेशनने दार लहान केले खरे, पण गोड पाणी दाराखालच्या फटीतूनही आत येते.

बायपास झालेल्यांची आणखी एक अडचण असते. साखरेचे जास्त खाल्ले की लगेच घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळ येऊन जुलाब होतात. काहींना खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून चक्कर येते. याला दृष्ट लागली असे समजून मीठ-मिरची ओवाळत बसू नये. खाण्यात काय गेले ते पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे.

दुसरी चूक गोळ्यांची

कीर्द लिहिण्याच्या सुमारास आमच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. रात्री वस्तीच्या अंधाऱ्या बोळातून येताना पाय नीट पडत नसे. दोनदा तोल गेला. एका शेजाऱ्याला वाटले, साहेब 'घेऊन' आले. आयुष्यभर दारूविरुद्ध बोलणाऱ्या माणसाच्या जिवाला हे किती लागले असेल, याची कल्पना करा.

कारण साधे होते. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आम्ही वर्षभराने बंद केल्या होत्या. महिन्याचा खर्च वाचवावा आणि आता तर आपण बरे झालो, असे दोन्ही मनात होते. पण जठराचा जो भाग काढला त्याचाच ब-१२ जीवनसत्त्व शोषून घेण्याच्या कामाला हातभार असतो. शरीरातला जुना साठा हळूहळू संपतो आणि मग नसा कुरकुरू लागतात. रक्ततपासणीत आमचे ब-१२ फार खाली आले होते. इंजेक्शने घ्यावी लागली. मुंग्या गेल्या, पण पायाच्या अंगठ्यातला बधिरपणा अजून पुरता गेलेला नाही. वाचविलेल्या पैशांचे हे व्याज.

म्हणून ठासून सांगतो. या गोळ्या जन्मभराच्या. बहुविध जीवनसत्त्वांची गोळी, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, आणि गरजेप्रमाणे लोह. पाळी येणाऱ्या भगिनींनी आणि बायपास झालेल्यांनी लोहाकडे अधिक लक्ष द्यावे. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकदम घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच, चहाने लोह अंगी लागत नाही. कोणती गोळी किती, ते डॉक्टर रक्त पाहून ठरवतील. वर्षातून एकदा तरी तपासणी चुकवू नये, आणि वजन वाढले असेल तेव्हा तर मुळीच चुकवू नये. लाजेपोटी आपण ज्या दिवशी दवाखाना टाळतो, नेमकी त्याच दिवशी त्याची गरज असते.

आईची समजूत

आता सगळ्यात अवघड प्रकरण. आमची आई.

१९७२ च्या दुष्काळात आईचे नुकतेच लग्न झाले होते. सातारा जिल्ह्याच्या कोरड्या भागातले गाव. ती सरकारी कामावर खडी फोडायला जात असे. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यांवर तिने ते दिवस काढले. भुकेल्या पोटी झोपणे काय असते ते तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तिच्या लेखी भरलेले ताट म्हणजे सुख आणि अंगाने भरलेला मुलगा म्हणजे तिच्या कष्टांची पावती. त्या मुलाने तिच्या पुढ्यात वाटीभर अन्न उरवून उठावे, हे तिला सोसेना.

ती म्हणायची, "आरं, एवढ्यानं काय हुतंय? आणिक एक घास घे की." आम्ही नाही म्हटले की गप्प बसायची. एके दिवशी ताट उचलताना म्हणाली, "माझ्या हाताची चव गेली म्हन की सरळ." त्या दिवशी आम्ही तिच्यासाठी तो एक घास खाल्ला आणि पंधरा मिनिटांनी मोरीत जाऊन ओकलो. ती दारात उभी होती. तिने आमची पाठ चोळली, पण दोन दिवस स्वयंपाकाला हात लावला नाही.

अशा घरात केवळ आमच्या मनाच्या निश्चयावर काय चालणार? तेव्हा २०२४ च्या पावसाळ्यात आम्ही लाज सोडून पुन्हा दवाखान्यात गेलो, ते पत्नीला आणि आईला बरोबर घेऊन. आम्हाला वाटले, आहारतज्ज्ञ बाई एक छापील कागद देतील. त्यावर ओट्स, ब्रोकोली आणि तीन हजारांचा प्रथिनांच्या भुकटीचा डबा असेल. तसला कागद आम्हाला पहिल्या वेळी दुसरीकडे मिळाला होता. दीड महिना पाळला आणि सोडला. या बाईंनी मात्र आमच्याकडे पाहिलेच नाही. त्यांनी आईला विचारले, "आजी, तुमच्या घरी काय काय करता?"

आई आधी अवघडली. मग सांगू लागली. कुळथाचे माडगे, हुलग्याची उसळ, सुकट, बोंबील, अंड्याची पोळी, चवळी, रविवारी मटण, कधी कलेजी. बाई लिहून घेत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आजी, औषध तुमच्या चुलीवरच आहे. फक्त वाढायचा क्रम बदलायचा." घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "त्या बाईला समजतंय." आमच्या घरातला खरा बदल त्या रिक्षात झाला.

वाढायचा क्रम

आपल्या घरात भाकरी किंवा भात म्हणजे जेवण, आणि कालवण म्हणजे ते उतरवायचे साधन. गरिबीने लावलेली ही रीत. थोड्याशा कालवणात चार माणसांच्या भाकरी उठत. लहान पोटाला ही रीत चालत नाही. त्यात जेमतेम वाटीभर मावते. ती वाटी भाताने भरली तर प्रथिने कुठे ठेवायची? प्रथिने पोटात गेली नाहीत तर चरबीबरोबर अंगातले मांसही झिजते, माणूस अशक्त होतो, केस गळतात आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. ऑपरेशन झालेल्या माणसाला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणून आमच्याकडे आता आधी उसळ, अंडे किंवा मासळी, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटी चतकोर भाकरी. पदार्थ तेच, फक्त मान बदलला.

या ६० ग्रॅमांचा हिशेब घरच्या जिनसांत असा बसतो. दोन अंड्यांची १२ ग्रॅम. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर बिनसाखरेच्या दुधाची ६. वाटीभर घट्ट उसळीची किंवा वरणाची ७ ते ८. लहान वाटी दह्याची ३. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम फुटाण्यांची ६. रात्री ८० ग्रॅम शिजलेल्या कोंबडीची किंवा मासळीची १८ ते २०. सोयाबीनच्या वड्या २० ग्रॅम भिजवून, पिळून, खिम्यासारख्या केल्या की १०. बेरीज ६० च्या वर जाते. भुकटीचा डबा लागला नाही. मात्र कोणाला पहिल्या महिन्यांत घट्ट अन्न जातच नसेल आणि डॉक्टरांनी भुकटी सांगितली असेल, तर ती जरूर घ्यावी. औषध म्हणून घेणे वेगळे आणि जाहिरात पाहून घेणे वेगळे.

सुक्या मासळीला आपल्यातलेच काही शिकलेले लोक आता नाके मुरडतात. सुक्या बोंबलाच्या आणि सुकटीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो, हे त्यांना सांगा. फक्त ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी, म्हणजे मीठ उतरते. रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावी. कलेजीत लोह आणि ब-१२ दोन्ही भरपूर. ज्या जिनसांना लोक हलके अन्न म्हणत आले, त्याच आज आमच्या उपयोगी पडल्या.

आता खाण्याची रीत. आम्ही ताट सोडून बशी घेतली आणि धाकट्या मुलाचा शाळेचा जुना खाऊचा डबा कचेरीत नेऊ लागलो. लहान चमचा, लहान घास, पंचवीस-तीस वेळा चावणे, वीस मिनिटे ते अर्धा तास जेवण. मटणाचे चिवट तुकडे, पाव आणि गोळा होणारा भात हे अडकतात. ते टाळावेत किंवा फार सावकाश खावेत. जेवताना पाणी नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. मात्र दिवसभरात घोट घोट करून दीड लिटर तरी पाणी जायला हवे. पोटाने 'पुरे' म्हटले की पुढचा घास आईचाही नाही आणि साहेबांचाही नाही. आणि रोज अर्धा-पाऊण तास चालणे. आम्ही एक बस थांबा आधी उतरतो.

चहा सोडला का? नाही. कार्यकर्त्याने चहा सोडला तर लोक दारात उभे करणार नाहीत. दिवसाला दोन कप, बिनसाखरेचे. बाकी ठिकाणी पाणी मागतो. पहिले पंधरा दिवस यजमान रागावले, मग सवय झाली. आता काही घरांत आम्हाला पाहून फुटाण्याची वाटी पुढे येते.

कोसलचा राजा

या संदर्भात आपल्या वाङ्मयातली एक कथा आठवते. संयुक्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची हकीकत आहे. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. त्यांनी त्याला उपवास सांगितला नाही, की चार लोकांत लाजविलेही नाही. जेवणात मात्रा ओळखण्याविषयी एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाचा तरुण राजाच्या मागे उभा होता. ती गाथा पाठ करून राजाच्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायची, हे काम राजाने त्याला दिले आणि त्यासाठी रोज शंभर कहापणही लावून दिले. राजाचे खाणे हळूहळू उतरत एका नाळीभर भातावर आले आणि अंग हलके झाले.

यात आम्हाला दोन गोष्टी दिसतात. एक, राजाने एकदम सोडले नाही, उतरत उतरत तो मात्रेवर आला. दुसरी, एवढ्या मोठ्या राजालाही जेवताना शेजारी आठवण देणारे माणूस लागले. आमच्या घरी हे काम मुलगी करते. ती गाथा म्हणत नाही, नुसती पाहते. कहापणही मागत नाही.

ज्यांच्या घरी असे ऑपरेशन झाले आहे किंवा व्हायचे आहे, त्यांना शेवटी चार गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत.

उलट्या थांबत नसतील तर 'असे होतेच' म्हणून घरी बसू नका. सतत उलट्या झाल्या की ब-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटते आणि मेंदूला, नसांना इजा होऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दारू या लोकांच्या अंगात फार लवकर आणि फार जोरात चढते. जेवणाची जुनी ओढ दारूकडे वळल्याचीही उदाहरणे आहेत. तेव्हा एक पेगही नको. तंबाखू आणि विडी-सिगारेटही नको. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊन खाऊ नयेत, जठरात जखम होऊ शकते. बायपासवाल्यांना हा धोका अधिक.

ज्या भगिनींना मूल हवे आहे त्यांनी ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने थांबावे. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहू शकतात, म्हणून काळजी आधीच घ्यावी.

आणि घरच्यांनी त्या माणसासाठी वेगळी चूल मांडू नये, तसेच त्याच्या वाट्याला घरभराचे गोडधोडही लावू नये. आमच्या घरी आता सगळ्यांचे कालवण घट्ट झाले आहे आणि फरसाणाची बरणी गेली आहे. पत्नीची साखरही त्यामुळे आटोक्यात आली. जे जेवण एकट्याने वेगळे बसून खावे लागते ते दोन-चार महिने टिकते. सगळ्या घराला चालते ते वर्षानुवर्षे टिकते.

आम्ही जमाखर्चाच्या भाषेतले, म्हणून त्याच भाषेत सांगतो. ऑपरेशन हे भांडवल आहे. एकदाच मिळते. ते बसून खाल्ले तर दोन वर्षांत संपते. रोजच्या जेवणाचा धंदा नीट चालविला तरच ते जन्मभर पुरते. आमचे वजन आज ९१-९२ च्या घरात आहे. ८८ परत दिसेल की नाही, याची चिंता आम्ही सोडली. वही मात्र चालू आहे.

परवा रात्री उशिरा बैठकीहून आलो. आई जागी होती. तिने आमच्यापुढे बशी ठेवली. बशीत सुकट, वाटीत दोन डाव माडगे, आणि कडेला नखाएवढा भाकरीचा तुकडा. आम्ही सावकाश जेवलो. थोडे माडगे उरले. आईने वाटीत पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "भरलं का पोट?" आम्ही हो म्हटले. "मग ऱ्हाऊ दे," असे म्हणून तिने ते स्वतः पिऊन टाकले आणि वाटी घासायला घेतली.